सिग्नलचा खांब, वर केलेली तंगडी आणि नाकातला वारा

जपानमधल्या सुझुका शहरात फेब्रुवारी २०२१ मध्ये सिग्नलचा एक खांब बुंध्यापाशी मोडून आडवा झाला. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. असा खांब साधारण ५० वर्षं टिकावा असा हिशेब असतो, हा २३ वर्षांतच गेला. पोलिसांनी तपास केला तर बुंध्याशी भरपूर युरिया सापडला. ठपका आला रोज फिरायला येणाऱ्या कुत्र्यांवर.

बातमी सगळ्यांनी हसण्यावारी नेली, पण त्यामागचं रसायन सरळ आहे. मुतात युरियाबरोबर क्षारही असतात. क्षारातले क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर पोखरतात आणि एकदा आतलं पोलाद उघडं पडलं की ओल आणि हवा पुढचं काम करतात. एका कुत्र्याच्या चार थेंबांनी काही होत नाही. वीसेक वर्षं, रोज, त्याच वीतभर जागेवर शिंपण झालं की होतं.

पण मुळात त्याच जागेवर का? शेजारी दुसरा खांब आहे, भिंत आहे, झाड आहे. आमच्या कुत्रीला घेऊन मी रोज सकाळी निघतो, तेव्हा हा प्रश्न पट्ट्याला हिसका देऊनच विचारला जातो. ती थांबते, खांबाच्या गुडघाभर उंचीवर नाक नेते आणि मग दहा-पंधरा सेकंद जगात दुसरं काही नसतं. त्यानंतर दोन थेंब. हो, कुत्रीसुद्धा. ‘हद्द आखणं’ हा फक्त नरांचा उद्योग, हा समज कुत्री पाळणाऱ्यांच्या घरात दोन दिवसही टिकत नाही.

‘हद्द’ हा शब्दही मला फसवा वाटतो. कुंपण दुसऱ्याला बाहेर ठेवायला असतं. इथे तर दहा कुत्री एकाच खांबावर एकमेकांच्या खुणांवर आपली खूण करून जातात. अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत असं वरून शिंपणं नर आणि मादी दोघांतही दिसलं, आणि शेपूट ताठ ठेवून वावरणाऱ्या, म्हणजे रुबाबातल्या कुत्र्यांत ते जास्त दिसलं. भिंतीवर रंगाचे डबे घेऊन आपलं नाव फवारणाऱ्या पोरांची आठवण होते. जुन्या नावावर नवं नाव, आणि जितकं उंच तितका मान. उंचीचं तर शब्दशः खरं आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी नर कुत्र्यांचं चित्रीकरण करून तंगडीचा कोन मोजला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की लहान चणीची कुत्री तंगडी प्रमाणाबाहेर वर नेतात. वास उंचावर असला की वाचणाऱ्याला लेखक दांडगा वाटावा, ही शक्यता संशोधकांनी गंभीरपणे मांडली आहे.

हे झालं लिहिण्याचं. खरी कमाल वाचण्यात आहे, आणि कुत्र्याच्या वाचनयंत्रातला माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे नाकपुडीच्या कडेची ती चीर.

कुत्र्याचं नाक समोरून नीट बघा. दोन गोल भोकं दिसतात, पण प्रत्येक भोक बाहेरच्या बाजूला स्वल्पविरामासारखं वळून एका फटीत संपतं. आत घेतलेली हवा समोरच्या गोल भागातून जाते. श्वास सोडताना मात्र नाकपुडीची पाळी हलते आणि हवा त्या फटीतून बाजूला आणि मागे फेकली जाते. आपण तसं करत नाही. आपण ज्या भोकातून ज्या दिशेने ओढतो, तिकडेच फुंकतो. म्हणजे एखादा मंद वास हुंगायला वाकलो, की दुसऱ्याच क्षणी आपल्याच उच्छ्वासाने तो उधळून लावतो. कुत्रा समोरचा वास जागच्या जागी ठेवतो.

गंमत इथे संपत नाही. भरधाव गाडी गेली की रस्त्याकडेचे कागदाचे कपटे तिच्यामागे धावतात, कारण वेगाने जाणारा झोत आजूबाजूची हवाही सोबत ओढतो. कुत्र्याच्या फटीतून मागे सुटलेले दोन झोत हेच करतात. त्यांच्यामुळे समोरची नवी हवा नाकाकडे ओढली जाते. थोडक्यात, कुत्रा श्वास सोडत असतानाही वास जवळ आणत असतो. सेकंदाला साधारण पाच वेळा हा भाता चालतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतल्या मंडळींनी लॅब्राडोरच्या नाकाची त्रिमितीय छपाई केली आणि २०१६ मध्ये तसंच तोंड स्फोटकं हुंगणाऱ्या, बाजारात मिळणाऱ्या यंत्राला बसवून पाहिलं. ४ सेंटिमीटर अंतरावरून त्या यंत्राची क्षमता १६ पट झाली. यंत्र तेच, फक्त त्याला श्वास घ्यायला शिकवलं.

आता आत शिरू. आत शिरलेल्या हवेचा मोठा भाग फुप्फुसांकडे जातो. साधारण १२ टक्के हवा वेगळ्या वाटेने वरून जाते आणि नाकाच्या पार मागच्या एका कोनाड्यात पोचते. तिथे पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, कागदाच्या सुरळ्या एकात एक खोचल्यासारख्या, आणि त्यांच्यावर वास ओळखणाऱ्या पेशींचं अस्तर. उच्छ्वासाची हवा या कोनाड्याला वळसा घालून बाहेर पडते, त्यामुळे आत आलेले गंधरेणू झाडून नेले जात नाहीत आणि पुढच्या हुंगण्यात त्यांच्यात भर पडते. आपल्या नाकात असा स्वतंत्र कोनाडाच नाही.

या सुरळ्यांवर ओल्या श्लेष्माचा थर असतो आणि तिथे आणखी एक निवड होते. पाण्यात सहज विरघळणारे रेणू सुरुवातीलाच त्या ओलीत अडकतात, न विरघळणारे पार टोकापर्यंत पसरतात. म्हणजे कोणता रेणू हे ओळखण्याआधीच तो कुठे उतरला यावरून त्याची अर्धी जात कळते. प्रयोगशाळेत मिश्रण वेगळं करायला वापरतात त्या वायु-वर्णलेखन यंत्राचं तत्त्व असंच आहे. पुढचं काम ग्राहींचं, म्हणजे पेशींवर बसून गंधरेणू पकडणाऱ्या प्रथिनांचं. माणसात वासाच्या ग्राहींची सुमारे ४०० चालू जनुकं आहेत, कुत्र्यात सुमारे ८००. एक ग्राही म्हणजे एक वास असं नसतं. एकच रेणू अनेक ग्राही कमी-जास्त छेडतो आणि मेंदू तो सबंध मेळ वाचतो, पेटीवर सूर एकेकटा न वाजवता अनेक पट्ट्या एकदम दाबाव्यात तसा. ही जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. (शिवाय कुत्र्याच्या टाळूपाशी मुताची खबर घेणारं एक दुसरं इंद्रियही आहे, पण तो विषय काढला तर आज खांबावरून हलणं नाही.)

एवढं सांगितल्यावर ‘कुत्र्याचं नाक माणसापेक्षा १० हजार पट तीक्ष्ण’ हे वाक्य यायला हवं. ते मी लिहिणार नाही. कोणता वास, किती पातळ, कसा मोजला, हे सांगितल्याशिवाय अशा ‘पटीं’ना अर्थ नसतो. आपलं नाकही इतकं टाकाऊ नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या ३२ माणसांना गुडघ्यांवर रांगत गवतातली चॉकलेटच्या वासाची रेघ हुंगायला लावलं. २१ जणांनी माग काढला. आपण नाक जमिनीपासून दीड मीटर वर घेऊन चालतो, हीच मोठी अडचण.

आणि त्या बाटल्या! दारासमोर लाल-निळ्या पाण्याची बाटली ठेवली की कुत्रं तिथे मुतत नाही, असं सांगणारे भलेभले शिकलेले लोक भेटतात. जपानमध्ये साध्या पाण्याच्या बाटल्या मांजरांना पळवायला ठेवतात. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, म्हणजे निळा आणि पिवळा त्याला बरे दिसतात, लाल हा त्याच्या लेखी एक मळकट रंग. पण तो मुद्दाही गौण आहे. ज्याचा निर्णय नाकाने होतो, त्याला डोळ्यांनी घाबरवायला निघालो आहोत आपण. त्यापेक्षा जुना वास नीट धुऊन काढा. फक्त अमोनियावाल्या द्रवाने नको, कारण मूत शिळं झालं की त्यालाही अमोनियाचाच वास येतो.

शेवटी जेथ्रो नावाच्या एका कुत्र्याची गोष्ट. मार्क बेकॉफ नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने पाच हिवाळे आपल्या कुत्र्यामागे फिरून मुताने पिवळा झालेला बर्फ उचलला आणि दुसरीकडे नेऊन ठेवला. जेथ्रो इतरांच्या बर्फावर रेंगाळायचा, स्वतःच्या बर्फावर फारसा थांबायचा नाही. जागा बदलली तरी खूण कुणाची ते त्याला कळत होतं. २०१७ मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी पुढचं पाऊल टाकलं. कुत्र्याच्याच मुतात दुसरा वास मिसळून ते त्याच्यासमोर ठेवलं, तर कुत्री त्यावर जास्त वेळ नाक लावून उभी राहिली.

आमची कुत्री स्वतःच्या कालच्या जागेला ओझरतं नाक लावते आणि पुढे जाते. गेल्या आठवड्यात मात्र तिथेच अडून बसली. कुणीतरी रात्री खांबाला चंदेरी रंग दिला होता. रंग अजून ओला होता, आणि तिच्या मिशांना लागला.