जमीन व्यवहारातील जलहक्क

जमीन विकताना, गहाण टाकताना किंवा तिची वाटणी करताना तिच्याशी निगडित पाणी वापरण्याचा हक्क कोणाकडे जातो, हे ठरवणारे नियम. हक्क वापराचा असतो. वाहत्या पाण्याची मालकी बहुतेक कायदेपद्धती खाजगी व्यक्तीला देत नाहीत. त्यामुळे खरेदीखतात ‘पाण्यासह’ असे लिहिले तरी विकणाऱ्याजवळ होता तेवढाच हक्क घेणाऱ्याच्या पदरात पडतो. हा हक्क जमिनीला चिकटलेला आहे की तिच्यापासून सुटा आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

रोमन कायद्यात शेजारच्या जमिनीतून पाणी नेणे आणि तिथल्या झऱ्या-विहिरीवर पाणी भरणे हे ग्रामीण सुविधाधिकार (एका जमिनीच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या जमिनीवर चालणारे हक्क) मानले जात. ते माणसाला नव्हे, जमिनीला मिळत व जमिनीबरोबर हस्तांतरित होत. भारतात १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाचे कलम १९ आणि त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ८ यांचा रोख हाच आहे : खतात विरुद्ध हेतू दिसत नसेल, तर सुविधाधिकार जमिनीसोबत जातो. इस्लामी धर्मशास्त्रात पाणीपाळीच्या हक्काला ‘शिर्ब’ म्हणतात. तो जमिनीवाचून एकटा विकू नये, असा हनफी या सुन्नी विधिपंथाचा प्रचलित कौल दिसतो.

काठहक्क : नदी-ओढ्याला लागून असलेल्या जमिनीच्या मालकाला, केवळ ती काठावर आहे म्हणून, पाणी वापरता येते. वापर वाजवी हवा आणि खालच्या काठकऱ्यांना झळ पोचता कामा नये. न वापरल्याने हा हक्क बुडत नाही. मात्र काठाची जमीन तुकडे पाडून विकली, तर पाण्यापासून तुटलेल्या तुकड्याचा हक्क सामान्यतः संपतो, म्हणून मोजणीच्या नकाशावरची एक रेघ इथे खतातल्या चार कलमांहून भारी ठरते.

या तत्त्वाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेत न्यायाधीश जोसेफ स्टोरी यांचा ‘टायलर विरुद्ध विल्किन्सन’ (१८२७) हा निवाडा व लगेच त्यानंतरचे विधिपंडित जेम्स केंट यांचे विवेचन येथे पायाभूत मानतात. जलकायद्याचे अमेरिकी अभ्यासक सॅम्युएल वील यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात असे मांडले, की या दोघांनी हे तत्त्व फ्रेंच कायद्यातून उचलले. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेचे कलम ६४४ जमिनीतून वाहणारे पाणी वापरू देते, पण हद्द सोडताना ते मूळ प्रवाहात परत सोडण्याचे बंधन घालते. हे साम्य ठळक आहे. आर्थर मास व हिलर झोबेल या अमेरिकी अभ्यासकांनी १९६० मध्ये हे खोडून काढले. त्यांच्या मते जुन्या इंग्लिश निवाड्यांतच तत्त्वाची बीजे होती. स्टोरी यांनी इंग्लिश निवाड्यांचा आधार घेतला होता आणि केंट यांना फ्रेंच संहिता चांगली परिचित होती, हे पाहता कोणताही एकच उगम सांगणे धाडसाचे वाटते. एवढे मात्र निश्चित, की इंग्लंडच्या ‘एम्ब्री विरुद्ध ओवेन’ (१८५१) या निवाड्यात केंट व स्टोरी यांचाच हवाला आहे. म्हणजे तत्त्व कुठूनही निघालेले असो, इंग्लंडात ते पक्के झाले ते अमेरिकेहून फिरून येऊन.

पूर्वविनियोग : अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात ‘जो आधी वळवील त्याचा हक्क आधी’ हा नियम रुजला. त्याचे मूळ बहुधा १८४८ नंतरच्या सोन्याच्या खाणवस्त्यांतील रिवाजात आहे. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १८५५ मध्ये त्याला मान्यता दिली. कोलोरॅडोत एका पाट कंपनीने सेंट व्हरेन ओढ्याचे पाणी शेजारच्या खोऱ्यात वळवले होते. १८७९ च्या टंचाईत काठावरच्या शेतकऱ्यांनी तिचा बांध फोडला. १८८२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, आणि काठाशी असलेले पाण्याचे नाते तिथे कायमचे तुटले.

असा हक्क जमिनीवेगळा विकता येतो. त्याची किंमत मुख्यतः त्याच्या प्राथम्य-तारखेवर, म्हणजे पाणी पहिल्यांदा कधी वळवले यावर, ठरते. पण वापर किंवा जागा बदलताना वळवलेले सगळे पाणी हस्तांतरित होत नाही. समजा, शेताने १०० एकर-फूट पाणी घेतले (१ एकर-फूट म्हणजे सुमारे १,२३३ घनमीटर) आणि त्यातले ४० झिरपून नदीला परत मिळाले, तर विकता येते ते ६०. उरलेल्यावर खालचे हक्कदार जगत असतात. कोलोरॅडोत सलग दहा वर्षे वापर नसेल तर हक्क सोडून दिल्याचे गृहीत धरले जाते. पाट कंपनीचे पाणी भागभांडवलाच्या दाखल्यावर मिळते. हा दाखला खरेदीखताबरोबर आपोआप जात नाही. तो विक्रेत्याच्या कपाटात राहिला तर घेणाऱ्याच्या हाती कोरडी जमीन येते. मालकीहक्काच्या विम्यातही अमेरिकेत जलहक्क सहसा वगळलेले असतात, त्यामुळे न्यायालयाचा हुकूमनामा व उपशाच्या नोंदी वेगळ्या तपासाव्या लागतात.

राज्याने दिलेले सुटे हक्क : चिलीच्या १९८१ च्या जलसंहितेने पाण्याच्या वापराचे हक्क जमिनीपासून अलग केले, त्यांची नोंदणी स्थावर मालमत्तेच्या निबंधकाकडे, परंतु स्वतंत्र वहीत होते. ऑस्ट्रेलियात २००४ च्या राष्ट्रीय जलकरारानंतर हीच दिशा पक्की झाली. दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये काठहक्कच रद्द करून परवाना पद्धत आणली.

भूजल : ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ (१८४३) या इंग्लिश खटल्यात खाणकामाने शेजारच्या गिरणीची विहीर आटली, तरी भरपाई मिळाली नाही. टेक्सासने १९०४ मध्ये हाच नियम घेतला : आपल्या जमिनीखालचे पाणी उपसल्याने शेजाऱ्याची विहीर आटली, तरी भरपाई नाही. तिथे रेल्वेची विहीर दिवसाला सुमारे २५,००० गॅलन उपसत होती आणि शेजाऱ्याची घरगुती विहीर कोरडी पडली होती. टेक्सासमध्ये जमीन विकताना खालचे पाणी खनिजाप्रमाणे राखून ठेवता येते. अशा वेळी पाणी काढणाऱ्याने वरच्या मालकाच्या चालू वापराची कितपत बूज राखावी, याला खनिजांचाच नियम लागू होतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले.