फाटक्या, जळक्या नोटांचे पैसे परत मिळवताना: पात्रता, कागदपत्रे आणि बांधणी

नोट नुसती मळकी किंवा घडीवर विरलेली असेल तर अर्जाची गरज नाही. बँक ती भरून घेते. पुढे अशा नोटा मोहोरबंद होऊन बंदोबस्तात मध्यवर्ती बँकेकडे जातात. तिथे यंत्र त्या मोजतं, खऱ्या-खोट्याची शहानिशा करतं आणि टाकाऊ नोटांचा भुगा करतं. दावा करावा लागतो तो नोटेचा भाग गहाळ झाला, नोट जळाली, वाळवीने खाल्ली किंवा भिजून गठ्ठ्याचा लगदा झाला तर.

पात्रता

उरलेला भाग किती, यावर सगळं ठरतं. युरो क्षेत्रात अर्ध्याहून जास्त भाग हवा. तेवढा नसेल तर बाकीचा नष्ट झाल्याचं सिद्ध करावं लागतं. अमेरिकेचा नियमही जवळपास हाच, मात्र दावा अर्थखात्याच्या नोटा छापणाऱ्या विभागाकडे जातो. जपानमध्ये दोन तृतीयांश किंवा अधिक भागाला पूर्ण रक्कम, दोन पंचमांश किंवा अधिक पण दोन तृतीयांशाहून कमी असेल तर निम्मी. आणि राख त्याच नोटेची असल्याचं ओळखता आलं तर तीही मोजतात! आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ५० रुपये व त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी रक्कम मिळते. त्याखालच्या मूल्याच्या नोटांना ५० टक्क्यांहून जास्त भाग लागतो. ही मोजणी किचकट वाटेल, पण एकाच नोटेच्या दोन तुकड्यांवर दोघांनी पूर्ण पैसे उचलू नयेत, एवढाच तिचा हेतू.

मुद्दाम फाडलेल्या, कापलेल्या नोटांचा दावा फेटाळला जातो.

कागदपत्रे

देशागणिक फरक असला तरी अर्ज, ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील, अंदाजे रक्कम आणि नुकसान कसं झालं याचं लेखी निवेदन तयार ठेवा. आगीचा अधिकृत अहवाल असेल तर जोडाच. युरो क्षेत्रात किंवा अमेरिकेत अर्ध्याहून कमी भाग उरला असेल तर अशाच पुराव्याची मदत होते.

बांधणी

माझ्या मते दावे कागदपत्रांपेक्षा इथेच जास्त बिघडतात. माणसं चिकटलेल्या नोटा सोडवायला, पुसायला, चिकटपट्टी लावायला जातात आणि ओळख पटवणारे तुकडेच हरवतात. अमेरिकेची सूचना स्पष्ट आहे: नोटा शक्य तितक्या कमी हलवा. ठिसूळ असतील तर प्लास्टिक आणि कापसात ठेवा. पाकिटात किंवा डब्यात सापडल्या असतील तर त्यासकट पाठवा. गुंडाळी उलगडू नका. नाणी मात्र आधी काढून घ्या.

भारतात अगदी ठिसूळ, जळालेल्या किंवा सुटत नाहीत इतक्या चिकटलेल्या नोटा बँकेच्या शाखेत घेत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम (म्हणजे नोटा चलनात आणणाऱ्या) कार्यालयात न्याव्या लागतात.

टपालाने पाठवत असाल तर विमा उतरवा, छायाचित्रं काढा आणि पोचपावती जपा. मोठ्या दाव्यांना वेळ लागतो.