तांबोरा, १८१५ : आगीपेक्षा भुकेने जास्त माणसे नेली

५ एप्रिल १८१५ रोजी जावा बेटावर तोफा डागल्यासारखे आवाज आले. जवळच्या ठाण्यावर हल्ला झाला असावा, या समजुतीने योग्यकर्त्याहून सैन्याची तुकडी निघाली. किनाऱ्यावरून होड्याही सोडल्या, कुणाचे जहाज संकटात असेल म्हणून. दुसऱ्या दिवशी राख पडू लागली तेव्हा उलगडा झाला, पण तेव्हाही सगळ्यांना वाटले, जवळचाच एखादा डोंगर असणार. तो होता ८०० किलोमीटरहून लांब, आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी.

या भागात समुद्रतळाचे भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली सरकते. खाली गेलेल्या खडकातले पाणी वरच्या थरात शिरते, खडक वितळतो आणि शिलारस तयार होतो. तांबोरा शतकानुशतके शांत होता, पण पोटातल्या रसात वायूचा दाब साठतच होता. १८१२ पासून त्याची धुसफुस सुरू झाली होती.

१० एप्रिलच्या संध्याकाळी तो खऱ्या अर्थाने फुटला. जवळच्याच सांगर या छोट्या राज्याच्या राजाने आगीचे तीन स्तंभ वर जाऊन एकमेकांत मिसळताना पाहिले. मग आलेल्या वावटळीने घरे, झाडे, गुरे, माणसे उचलून नेली. सुमारे ४३०० मीटर उंचीचा डोंगर २८५० मीटरवर आला आणि माथ्यावर सहा किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला.

त्या दिवसांत थेट मेलेल्यांचा अंदाज दहा-बारा हजारांचा आहे. पुढे सुंबावा आणि लोंबोक बेटांवर भूक आणि रोगराईने गेलेले त्याच्या कितीतरी पट अधिक. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच थोडक्यात उरकला जातो. भातशेती राखेखाली गेली, पाणी नासले, हगवण लागली, घोडे पटापट मेले. जावाचे तत्कालीन इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स यांनी तांदूळ देऊन लेफ्टनंट फिलिप्स यांना पाठवले. त्यांना वाटेत प्रेते पडलेली दिसली, गावे ओस पडलेली दिसली. लोक ताडामाडाचे कोंब आणि पपई-केळीचे दांडे खाऊन दिवस काढत होते. सांगरच्या राजाची स्वतःची मुलगी उपाशी मेली होती. राजाच्या घरची ही गत, तर बाकीच्यांचे काय झाले असेल!

राख खाली बसली, पण गंधकाचा वायू खूप उंच गेला. तिथे त्याचे सूक्ष्म थेंब झाले आणि त्यांनी पृथ्वीभर ऊन अडवले. १८१६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ पडले. युरोपात पिके बुडाली, स्वित्झर्लंडमध्ये दुष्काळ पडला. चीनच्या युन्नानमध्ये भात थंडीने गेला. भारतातही मॉन्सूनची घडी विस्कटली. १८१७ मध्ये बंगालात पटकीची (कॉलऱ्याची) साथ उसळली आणि १८१८ मध्ये ती मुंबईपर्यंत आली. या साथीचा धागा काही अभ्यासक तांबोराशी जोडतात, पण तो अजून सिद्ध झालेला नाही.

थंडीने गारठलेल्यांना त्या वेळी या डोंगराचे नावही माहीत नव्हते. हवामानशास्त्रज्ञ हम्फ्रीज यांनी १९२० मध्ये १८१६ च्या थंडीचा संबंध तांबोराशी जोडला.

२००४ मध्ये डोंगराच्या उतारावर राखेखालचे एक घर उकरले गेले. लाकडाचा कोळसा झाला होता. आत काशाची भांडी होती, मातीची भांडी होती आणि दोन माणसांचे अवशेष होते.