सई

सई (अनेकवचन : सया) : स्त्रीची जिवाभावाची मैत्रीण. रोजच्या बोलण्यात ‘मैत्रीण’ रुळल्याने हा शब्द आता बहुतांशी जात्यावरच्या ओव्या, पंचमीच्या फेराची गाणी आणि मुलींची नावे यांत उरला आहे. विशेषनाम म्हणून तो जुनाच. शिवाजी महाराजांच्या प्रथम पत्नी सईबाई (मृत्यू १६५९) फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या.

संस्कृत ‘सखी’, प्राकृत ‘सही’, मराठी ‘सई’ अशी व्युत्पत्ती सामान्यतः मानतात. दोन स्वरांमधल्या ‘ख’चा ‘ह’ होणे माहाराष्ट्री प्राकृताला धरूनच आहे (मुख – मुह). गाथासप्तशती या प्राकृत गाथांच्या संग्रहात ‘सहि’ हे संबोधन वारंवार येते; नायिका मनातले गुज तिलाच सांगते. या संग्रहाच्या काळाबद्दल मात्र एकमत नाही. परंपरेने तो सातवाहन राजा हाल याचा, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा समजला जातो; जर्मन संस्कृतज्ञ वेबर तिसरे ते सातवे शतक सुचवतो. मूळ संग्रह जुना आणि गाथांची भर पुढे पडत गेली, हे मत अधिक पटते.

सातारा-सांगलीकडे खेळातली ती गडणी, शेजारची ती शेजी. भांगलणीला, म्हणजे पिकातले तण काढायला, पैरा असतो : आज हिच्या रानात, उद्या तिच्या, मजुरी नाही, दिवस फेडायचा. ओळीने बसलेल्या बायकांत प्रत्येकीची पात, म्हणजे भांगलायचा पट्टा, ठरलेली. एखादीचे तान्हे बांधावर रडू लागले, की शेजारची न बोलता तिच्या पातीतले चार हात ओढून घेते. ते पैऱ्यात धरत नाहीत. सईपणाची याहून नेमकी खूण सांगता येत नाही.

बहीण रक्ताची, सई जोडलेली. पण सासरी गेल्यावर बहिणीच एकमेकींच्या सया होतात. नागपंचमीला मुराळी जाऊन त्यांना माहेरी आणतो. फुगडीत दोघी हातांची अढी घालून, पावलांना पावले भिडवून मागे झुकतात. एकीचा भार दुसरीच्या हातात असतो. आईजवळ न निघालेले सासरचे बोलणे त्या दोन दिवसांत निघते. महाबळेश्वरी उगम पावून, वेगळ्या वाटांनी येऊन कराडला समोरासमोर भेटणाऱ्या कृष्णा-कोयनांनाही इकडे बहिणीच म्हणतात.

सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या, की जमिनीची वाटणी मध्ये येते. चुली दोन होतात. विरजण मागायला मात्र परसदारानेच जाणे होते.