पंख्यावरचे नाव आणि महिन्याचा किराणा

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सेवाभावी संस्थेत गेलात, तर तिथल्या भिंती जरूर वाचा. सभागृहाला एक नाव, अभ्यासिकेला दुसरे, जिन्याच्या वळणावर ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ अशी संगमरवरी पाटी. पंख्याच्या पात्यांवरसुद्धा तांबड्या रंगात देणगीदाराचे नाव असते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या पगाराला मात्र कोणाचे नाव नसते, आणि वसतिगृहाच्या महिन्याच्या किराण्यालाही नसते. मी काही वर्षांपासून एका छोट्या संस्थेचे हिशेब पाहतो. दर मार्चमध्ये विश्वस्तांच्या बैठकीत एकच विषय निघतो: खोली बांधायला पैसे मिळतात, ती चालवायला कुठून आणायचे? या शहरात हा प्रश्न निदान दीडशे वर्षे जुना आहे.

पेशवाईतला पुण्याचा सर्वांत मोठा दानधर्म म्हणजे श्रावणातली दक्षिणा. मुळात तळेगावच्या दाभाड्यांची ही प्रथा पुढे पेशव्यांनी चालवली. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा, म्हणजे दक्षिणा वाटण्याचे आवार, भरे, दूरदूरचे ब्राह्मण येत आणि लाखो रुपये वाटले जात. 1818 मध्ये राज्य गेले, तरी इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्यातला काही पैसा वळवून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मग 1849 मध्ये लोकहितवादींसह काही सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतला काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातनी मंडळी खवळली आणि अर्जदारांवर हात उचलण्याची भाषा झाली. तेव्हा जोतीराव फुले आपली माणसे घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे याच दक्षिणेच्या निधीतून फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शाळांनाही मदत मिळू लागली. पुण्यातल्या सामाजिक निधीची गोष्ट मला खरी इथूनच सुरू होताना दिसते. पैसा राजाच्या पुण्यासाठी वाटायचा की समाजाच्या गरजेसाठी, यावर हे शहर तेव्हा पहिल्यांदा उघडपणे भांडले.

फुल्यांनी बराच खर्च स्वतःच्या खिशातून केला. ते बांधकामाची कंत्राटे घेत, त्यामुळे हाती पैसा होता. 1863 मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले ते स्वतःच्या राहत्या घरात. 1877 च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम निघाला, तेव्हा सत्यशोधक समाजाच्या नावाने लोकांकडे मदत मागावी लागली. एका घराची ऐपत कुठे संपते, हे त्या दुष्काळाने दाखवून दिले.

त्याच काळात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ससून रुग्णालयाची इमारत उभी राहिली. मोठ्या रकमेचे एकदाच मिळणारे दान कसे असते, याचा हा नमुना आहे. तिथे रोजचा खर्च सरकारने उचलला, म्हणून ते रुग्णालय आजही गरिबांचा आधार आहे. ज्या संस्थांमागे सरकार नव्हते, त्यांना वेगळी वाट काढावी लागली.

ती वाट सर्वांत स्पष्ट दिसते हिंगण्याला. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला 750 रुपये दिले. जागा मिळाली, झोपडी उभी राहिली. पण धान्य, पुस्तके, शिक्षिकांचे वेतन? अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि काम आटोपले की शहरापासून दूर असलेल्या हिंगण्याला पायी जात. सुट्ट्या लागल्या की गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत. लोक चार आणे देत, रुपया देत, कधी दारातूनच परत पाठवत. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठासाठी 15 लाखांची देणगी दिली. इतिहासाच्या पुस्तकांत ती ठळकपणे येते आणि यावीच. पण त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे संस्था जगली ती चार आण्यांवर.

आणखी एका गोष्टीवर ती जगली, जिची नोंद कुठल्याही देणगी-पुस्तकात नाही. 1908 मध्ये कर्वे यांनी निष्काम कर्म मठ काढला. जेवणाखाण्यापुरते घेऊन संस्थेसाठी राबणाऱ्या माणसांची ती मंडळी होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी ही रीत आधीच घालून दिली होती. गोपाळ कृष्ण गोखले तिथे 75 रुपये पगारावर वीस वर्षे शिकवण्याच्या बोलीने राहिले, आणि पुढे 1905 मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापला तोही आजन्म सेवकांवरच. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले, तेव्हा त्याची घडी बसवणारे गोपाळ कृष्ण देवधर याच समाजाचे होते. बाजारात दुप्पट-तिप्पट मिळाले असते ते सोडून दिलेली रक्कम, हीच पुण्याच्या संस्थांना मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे. तिची पाटी मात्र कुठे लागलेली नाही.

वर्गणीच्या बाबतीत हिंगण्याच्या संस्थेची सर्वांत देखणी कल्पना म्हणजे भाऊबीज निधी. दिवाळीच्या सुमाराला संस्थेच्या कार्यकर्त्या पावतीपुस्तक घेऊन घरोघर जातात. आश्रमातल्या मुली तुमच्या बहिणी आहेत, तेव्हा ओवाळणी घाला, एवढेच मागणे. मी लहान असताना आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात अशा एक बाई येत. आजी त्यांना आधी पाणी देई, मग फराळ, आणि मग डब्यातून पैसे. पावती देवघराच्या फळीवर वर्षभर राही. रक्कम लहानच असे. पण ओवाळणी एकदा घातली म्हणून कोणी कायमचा सुटत नाही; पुढच्या कार्तिकात भाऊबीज पुन्हा येते. दरवर्षीच्या खर्चाला दरवर्षीचा सण जोडला, इतका साधा आणि पक्का हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हीच जुळणी आजही चालते. अनाथाश्रमांत आणि वृद्धाश्रमांत वडिलांच्या तिथीला किंवा नातवाच्या वाढदिवसाला एका दिवसाच्या जेवणाचा खर्च देता येतो. पितृपक्षात पुण्यात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरते. तिथे संस्था आपले काम मांडतात आणि श्राद्धाचा पैसा डोळसपणे देऊ इच्छिणारे लोक टेबलाटेबलाशी थांबून चौकशी करतात. 1849 च्या अर्जातला वाद इथे घराघराने शांतपणे मिटवलेला दिसतो.

स्वातंत्र्यानंतर कागद वाढले. 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि दरवर्षी तपासलेले हिशेब देणे बंधनकारक झाले. ते योग्यच झाले. देवस्थानांचा आणि धर्मशाळांचा पैसा कोणाच्या घरी जातो हे त्याआधी विचारायची फारशी सोय नव्हती. सरकारी अनुदानेही सुरू झाली, पण अनुदान खर्चाच्या मागून येते. तोवर दुकानदार उधारी देतो, म्हणून मुले जेवतात.

दोन प्रयोग मला विशेष मोलाचे वाटतात. हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 1974 मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली: कष्टकऱ्यांना परवडेल अशा दरात पोटभर जेवण, तेही त्यांच्याच संघटनेने चालवलेले. इथे देणारा आणि घेणारा वेगळा राहिलाच नाही. दुसरा प्रयोग सामाजिक कृतज्ञता निधीचा. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि इतर कलावंतांनी गावोगाव नाटकाचे प्रयोग केले आणि त्यातून निधी उभा केला. त्याच्या व्याजातून चळवळींच्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. इमारतीसाठी निधी सगळेच उभारतात. माणसाच्या घरखर्चासाठी तो उभारला, हे त्याचे वेगळेपण. कार्यकर्त्याच्या घरीही गॅस संपतो आणि मुलांची फी भरायची असते, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केले.

पहिले पाऊल टाकायला एखादी मोठी रक्कम लागतेच, हेही खरे. 1986 मध्ये येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, त्यामागे डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांची धडपड होती आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी दिलेले एक लाख रुपये होते. योग्य वेळी योग्य हातात पडलेला पैसा काय करू शकतो, ते तिथून बरे होऊन घरी गेलेल्या माणसांकडे पाहून कळते.

अलीकडचा मोठा बदल सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायच्या खर्चाचा. 2013 च्या कंपनी कायद्यातले कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. 500 कोटींची निव्वळ संपत्ती, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी कंपनीकडे असेल, तर तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. कायदा आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. चाकण, पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडी ज्यांच्या उंबऱ्यावर आहेत, त्या पुण्याच्या संस्थांना हे वरदानच होते. शाळांना संगणक मिळाले, दवाखान्यांना यंत्रे मिळाली, फिरत्या गाड्या आल्या. पण कंपनीला प्रकल्प हवा असतो, त्याला सुरुवात आणि शेवट हवा असतो, छायाचित्रात दिसेल असे काहीतरी हवे असते. मनोरुग्णाशी दर मंगळवारी तासभर बोलणे छायाचित्रात दिसत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यातही 2020 मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसऱ्या छोट्या संस्थेला तो पैसा देण्यावर बंदी आली. गैरवापर थांबायलाच हवा. पण हिशेबनीस आणि चौकीदार यांच्या पगाराला ‘प्रशासन’ म्हटले की सेवा कोण देतो, हा प्रश्न हिशेबाच्या वहीतून बाहेर पडतो.

आमच्या संस्थेतला एक समुपदेशन प्रकल्प एका कंपनीच्या मदतीने तीन वर्षे उत्तम चालला. तिसरा मार्च उलटला आणि मदत थांबली. करारातच तसे होते. बायका मात्र एप्रिलमध्येही येत राहिल्या. तेव्हा विश्वस्तांनी समुपदेशक ताईंचा पगार जेवणाच्या देणग्यांसारखा वाटून द्यायचे ठरवले. वर्षाचे दिवस मोजले, एका दिवसाची रक्कम काढली आणि कागदावर तक्ता आखून दारात लावला. आजपर्यंत त्यातले 211 दिवस भरले आहेत. 14 नोव्हेंबरचा दिवस एका रिक्षाचालकाने आईच्या नावाने घेतला आहे.