लक्ष वेधून घेणे म्हणजे ‘नाटक’ नव्हे

एखादी व्यक्ती सतत सर्वांचे लक्ष स्वतःकडे ओढू लागली की सोलापुरात अनेक घरांतून ‘नाटकं आहेत, लग्न झालं की सुधारेल’ असा निर्वाळा दिला जातो. हा समज चुकीचा आहे आणि त्यामुळे उपचार लांबतात. अशा वागण्यामागे कधी कधी हिस्ट्रिऑनिक व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे सतत लक्ष वेधून घेण्याचा आणि भावना अतिरंजितपणे दाखवण्याचा मानसिक विकार, असू शकतो. तो अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९८० पासून याच नावाने नोंदलेला असून, तीत दिलेल्या आठ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणे तरुण वयापासून घर, काम, मैत्री अशा सर्वच ठिकाणी टिकून दिसली तरच हे निदान होते. आपण केंद्रस्थानी नसलो की होणारी अस्वस्थता, झपाट्याने पालटणाऱ्या उथळ भावना आणि दुसऱ्याच्या प्रभावाखाली पटकन येणे ही त्यांतली काही. हे वागणे बहुधा ठरवून केलेले नसते. मात्र गड्डा यात्रेत नटूनथटून रील करणारा प्रत्येक जण रुग्ण नव्हे. हा फक्त बायकांचा आजार, हेही खोटे. पुरुषांतही तो आढळतो आणि, माझ्या मते, ‘रुबाब’ समजून दुर्लक्षिला जातो. मुख्य उपचार म्हणजे तज्ज्ञासोबतचे दीर्घकालीन समुपदेशन. याच विकारासाठी खास औषध नाही, सोबतच्या नैराश्यावर मात्र आहे. आत्महत्येची भाषा तर ‘लक्ष वेधण्यासाठी’ म्हणून कधीही सोडून देऊ नये. अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोलावे.