मिरर न्यूरॉन आणि ऑटिझम: पार्श्वभूमी

नाशिकला गंगापूर रोड-कॉलेज रोडकडे पालकांमध्ये थेरपीचा विषय निघाला की मिरर न्यूरॉन (दुसऱ्याची कृती नुसती बघतानाही चालू होणाऱ्या मेंदूतल्या पेशी) येतातच, आणि 'ऑटिझमवाल्या मुलाचे ते बंद असतात' असं लोक बिनधास्त सांगून मोकळे होतात, म्हणून हे आलं कुठून ते लिहितेय.

इटलीत पार्माला माकडांच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून हाताच्या हालचालींचा अभ्यास चालला होता. माकडाने खाऊ उचलला की एक पेशी फायर व्हायची, म्हणजे विजेचा सिग्नल द्यायची, पण समोरच्या माणसाने उचलला तरी तीच पेशी फायर, माकडाचा हात मात्र जागेवरच! म्हणून नाव मिरर, म्हणजे आरसा. पेपर १९९२ चा. २००५ चा प्रयोग मला सगळ्यात भारी वाटतो, खाऊ तोंडात टाकायला उचलला तर काही पेशी जोरात चालायच्या आणि डब्यात टाकायला उचलला तर कमी, म्हणजे उचलतानाच पुढचा हेतू कळत होता. रविवार कारंजावर पुढच्या रिक्षावाल्याने नुसती मान वळवली की आपण ब्रेक दाबतो ना, तसंच काहीसं.

इथपर्यंत ठीक. पण मग माकडाच्या हातावरून थेट माणसाची सहानुभूती, आणि तिथून 'ऑटिझम म्हणजे फुटलेला आरसा' अशी उडी मारली गेली, ती मला अजिबात पटत नाही. माणसात अशा एकेका पेशीचे सिग्नल थेट नोंदवल्याचा रिपोर्ट आला तोच २०१० ला, तोही एपिलेप्सीच्या पेशंटांमध्ये, कारण त्यांच्या मेंदूत उपचारासाठी इलेक्ट्रोड आधीच बसवलेले होते. २०१३ मध्ये ऑटिझमवरचे २५ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा सगळी मिरर सिस्टिमच (या पेशींचं जाळं) बिघडलेली असते याला फारसा आधार सापडला नाही. तोवर फुटक्या आरशाची गोष्ट घराघरात पोचली होती आणि आईबापांना उगाच वाटत राहिलं की आपल्या लेकराला माया कळतच नाही!

खरं तर १९८५ च्या प्रयोगात ऑटिझमच्या २० पैकी १६ मुलं अडली ती वेगळ्याच ठिकाणी. एक बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, दुसरी ती हळूच पेटीत हलवते, मग पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? हा दुसऱ्याच्या डोक्यातल्या समजुतीचा प्रश्न आहे, दुसऱ्याचं दुखणं जाणवण्याचा नाही. २००३ पासूनच्या स्कॅनमध्ये अशा समजुतीचा विचार करताना उजव्या कानाच्या वर-मागचा भाग उजळताना दिसतो, आणि २००४ मध्ये जोडीदाराच्या हाताला शॉक बसतोय हे कळल्यावर बायकांच्या मेंदूत उजळला तो इन्सुला, म्हणजे मेंदूच्या घडीत आत दडलेला एक भाग. दोन्ही जागा पार्माच्या त्या हात-हालचालीच्या भागापेक्षा वेगळ्या आहेत.